दीड एकराचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर आहे, त्यातली एक एकर भाताची खाचरं आणि बाकीचा वरकस, म्हणजे भाताला न चालणारा हलका माळ. आजोबांच्या वेळची विहीर आहे, पण ती मार्चअखेर तळ गाठते. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट भाड्याने देऊन तुम्ही दोघं येत्या जूनपासून, म्हणजे पावसाबरोबर, तिकडे राहायला जायचं म्हणता. घरापुरतं धान्य आणि भाजी पिकवायची आहे. वर्षाची कामं कशी लागतात, सुरुवात कुठून करावी, बोअर मारावी का आणि पैशाचं जमेल का, हे विचारलंत. मी शेजारच्या शहापूर तालुक्यात अशाच एका तुकड्यावर बरीच वर्षं राहतो आणि कसतो, तेव्हा जे आहे ते सरळ सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जूनमध्ये जाऊ नका. दिवाळी झाली की जा. जूनमध्ये जाणारा माणूस हिरवंगार रान बघतो, लावणीच्या धांदलीत सापडतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याला जमिनीकडे नीट बघायला सवडच मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जे उगवतं त्याची तयारी आधीच्या आठ महिन्यांत झालेली असते, आणि त्या आठ महिन्यांचा सगळा खेळ ओलीचा आहे.

हिशेब करून बघा. आपल्या पट्ट्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एकेका गुंठ्यावर अडीच लाख लिटर पाणी पडतं, आणि तुमच्या साठ गुंठ्यांवर दीड कोटी लिटर. तरीही एप्रिलमध्ये तुमची विहीर कोरडी. माझ्या तालुक्यात तर मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, त्यातलं तानसा १८९२ पासूनचं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. कारण आपली जमीन. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर कुठे हातभर तर कुठे वीतभर माती, आणि सगळ्याला सह्याद्रीचा उतार. पडलेलं पाणी काही तासांत ओढ्याला, ओढ्यातून काळू नाहीतर भातसा नदीला आणि तिथून खाडीला लागतं. म्हणून मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारतो: याने ओल थांबेल की जाईल? कुठली जात लावायची, पाला जाळायचा की पसरायचा, झाड कुठे लावायचं, सगळं यावरून ठरतं. तुम्हीही हाच प्रश्न घेऊन चाललात तर वेळापत्रक पाठ करायची गरज पडणार नाही.

भात कापल्याच्या दिवसापासून सुरू करू.

हळवी, म्हणजे लवकर निघणारी भातं ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तयार होतात. लोंबीतले बहुतेक दाणे सोनेरी झाले आणि बुडाशी चार हिरवे राहिले की कापायचं. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर दाणा शेतातच झडतो आणि भरडताना कणी होते. कापलेलं भात दोन-तीन दिवस उन्हात पसरून मग भारे बांधतात. पण हे दिवस चित्रा नक्षत्राचे. दुपारनंतर ढग गडगडतात, वीज पडते. चार वाजता आभाळ काळं झालं की विळा खाली ठेवून घर गाठायचं, भात भिजलं तरी चालेल. मोकळ्या खाचरात उभा असलेला माणूस आसपास सगळ्यात उंच असतो, हे विसरू नका.

आता खरी घाई. खाचर रिकामं झालं त्या दिवशी मातीत जी ओल असते ती सोन्यासारखी, आणि ती उन्हाबरोबर रोज कमी होते. याच ओलीवर आपले कडवे वाल येतात. पाय ठेवल्यावर ठसा उमटावा पण चिखल पायाला चिकटू नये, हा वालाचा वाफसा. ज्या दिवशी भारे उचलाल त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाल टाका. फूटभर अंतराच्या ओळी, ओळीत वीतभर अंतर. नांगरत बसलात तर उघडी पडलेली माती सुकते, म्हणून जिथे जमीन भुसभुशीत आहे तिथे टोकून लावलेले बरे. नोव्हेंबर अर्धा सरला की मी नवीन वाल टाकत नाही. उगवतात, पण फुलावर येताना खालची ओल संपलेली असते आणि शेंगा पोचट राहतात. वेळेवर टाकलेला वाल पाण्याच्या एका थेंबाशिवाय, थंडीतल्या दहिवरावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहतो. शेंगदाणा नाही, गहू नाही, आपल्या जमिनीचं खरं रब्बी पीक हेच. शिवाय द्विदल असल्याने त्याच्या मुळ्या पुढच्या भातासाठी नत्र ठेवून जातात. खोलगट खाचरात ओल जास्त राहते, तिथे हरभरा किंवा मूगही घ्या.

यावरून जूनमधला एक निर्णय आत्ताच ठरतो. वरच्या, लवकर निचरा होणाऱ्या खाचरांत कर्जत-३, कर्जत-७ किंवा रत्ना अशी हळवी जात लावा. ती ११५ ते १२० दिवसांच्या आसपास निघते आणि खाचर वालासाठी वेळेत मोकळं होतं. गरवं, म्हणजे उशिरा निघणारं भात फक्त खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरांत. गरवं जास्त उतरतं म्हणून सगळीकडे तेच लावणारे लोक आहेत, पण त्यांचं रान डिसेंबरनंतर भकास पडलेलं दिसतं. मला विचाराल तर भाताचे चार मण कमी आले तरी चालतील, वालाचं पीक जाऊ नये.

दिवाळीनंतरचं दुसरं मोठं काम वनराई बंधारा. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ओढा किंवा साधी नाळ असेल तर तिथला प्रवाह मंदावला की, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून आडवी भिंत रचायची. गोण्या विटांसारख्या सांधा तोडून लावा, मध्ये चिकणमाती दाबा. अडलेलं पाणी मुरून विहिरीच्या झऱ्यांना मिळतं. खाली कोणाची गुरं त्याच ओढ्यावर पाणी पितात हे आधी बघा, त्यांच्याशी बोला, ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. बंधारा चार घरांनी मिळून बांधला तर टिकतो. एकट्याने बांधलेला कोणीतरी रात्री फोडतो, आणि बहुतेक वेळा फोडणाऱ्याकडे कारणही असतं.

पौष-माघात कामं कमी आणि चालणं जास्त. वालाच्या शेंगा, बांधावरची तूर, पोपटीच्या रात्री. या दिवसांत भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात शिजवलेल्या शेंगा, म्हणजे पोपटी, खाल्ल्यात की शहरातून इथे का आलो हे कोणाला समजावत बसावं लागत नाही. पौष पौर्णिमेला तुमच्याच तालुक्यात म्हसाची जत्रा भरते. बैल-गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती सगळ्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. गाय घ्यायचा विचार असेल तर डांगी बघा. नाशिक, अकोले आणि आपल्या शहापूरच्या डोंगरपट्ट्यातली ही जात, तेलकट कातडीमुळे आपल्या मुसळधार पावसात टिकते. मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. वैरण, गोठा आणि पाणी या तिन्हीची सोय एक उन्हाळा बघितल्याशिवाय कळत नाही. चार गावठी कोंबड्या चालतील. मानमोडीची लस तेवढी उन्हाळा लागण्याआधी टोचून घ्या.

जानेवारी सरता सरता गवत वाळतं आणि वणव्याचे दिवस येतात. माळाच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून साफ करा. वणवा तुमच्या हद्दीत लागत नाही, तो शेजारच्या रानातून येतो, आणि एका दुपारी चार वर्षांची कलमं घेऊन जातो.

याच सुमाराला गावात राबाची तयारी दिसेल. ज्या जागी भाताचं रोप करायचं तिथे शेण, कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या, गवत आणि वरून माती असे थर रचून ते भाजतात. त्याला कृपा करून नावं ठेवू नका. भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत. पिढ्यान् पिढ्या पारखलेली रीत आहे ती. तरीही मी राब भाजत नाही, कारण त्यासाठी ऐनाची झाडं दरवर्षी बोडकी होतात, आणि जो पाला माझ्या झाडांच्या बुडाशी ओल धरणार तोच जळून जातो. त्याऐवजी मी गादीवाफे करतो: जमिनीपासून वीतभर उंच, तीन-चार फूट रुंद, वर भाताच्या तुसाची राख मिसळलेली. गिरणीतून तूस आणून ठेवा. एका एकराच्या लावणीला चार गुंठ्यांचं रोप लागतं, म्हणजे लागवडीचा दहावा हिस्सा.

चैत्र-वैशाख हा माझ्या मते वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ, आणि शहरातून आलेले नेमके तेव्हा उन्हाला कंटाळून ठाण्याला परततात. या दोन महिन्यांत जमीन उघडी असते, तिची हाडं दिसतात. कुठे बांध खचला आहे, कुठून पाणी पळतं, खेकड्यांची बिळं कुठे आहेत, हे सगळं आत्ता दिसतं. बांधाला आत्ताच माती लावा. खेकड्याचं एक बीळ मोठ्या पावसात अख्खा बांध घेऊन जातं. विहिरीचा गाळ काढायचा तो मेमध्ये, पाणी तळाला असताना. सुरुंग लावून खोल करण्याच्या भानगडीत पडू नका, झरे सरकतात. झाडांसाठी मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिलमध्येच खणून ठेवा, म्हणजे ऊन खाऊन माती निर्मळ होते. शेतावरचं एक पानही जाळू नका. सागाची, आंब्याची, फणसाची पानं गोळा करून झाडांच्या आळ्यात हातभर जाड पसरा. वाळवी लागेल म्हणून लोक घाबरवतात. पाला खोडाला चिकटू न देता चार बोटं लांब ठेवला की वाळवी पालाच खाते, झाडाला सहसा लागत नाही.

बेगमीही याच दिवसांत करायची. सरपण, पेंढा आणि गोवऱ्या छपराखाली गेल्या पाहिजेत. जुलैमध्ये ओढे चढले की एखाद-दोन दिवस गावाबाहेर पडता येत नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, तेव्हा आतल्या गावांचे साकव आणि मोऱ्या काय टिकणार. पंधरा दिवसांचा शिधा, औषधं, बॅटरी आणि मीठ-तेल घरात असू द्या.

आता पेरणी. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास निघतं आणि मृग ७-८ जूनला. जुनी माणसं रोहिणीच्या शेवटी कोरड्या मातीत धूळपेर करून मृगाच्या पावसाची वाट बघत. आता पावसाचा नेम राहिलेला नाही. २०२३ मध्ये मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस २५ जूनला पोचला आणि २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतराने तब्बल महिन्याचा फरक. धूळपेर केलेलं बी एका वळवाने उगवतं आणि नंतर दहा दिवस पाऊस नसला की करपून जातं. म्हणून रोप दोन हप्त्यांत टाका. निम्मं जूनच्या पहिल्या आठवड्यात, विहिरीत घागर बुडण्याइतकं पाणी असेल तर तेवढ्यावर जगवता येतं, आणि निम्मं आठ-दहा दिवसांनी. बी आधी मिठाच्या पाण्यात घाला: दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळाचं बी दोनदा स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा. एवढ्या साध्या कामाने रोप एकसारखं येतं.

एकवीस ते पंचवीस दिवसांचं रोप झालं की आवणी. ठाणे जिल्ह्यात लावणीला आवणीच म्हणतात, तुम्हाला गावात हाच शब्द ऐकू येईल. चिखलणी करण्याआधी खाचरात गिरिपुष्पाचा कोवळा पाला पसरून गाडा. गिरिपुष्प नसेल तर या जूनमध्ये बांधावर त्याच्या हातभर फांद्या खोचून ठेवा, पुढच्या वर्षीपासून फुकटचं खत. रोपांच्या मुठी बांधल्या की शेंडे थोडे छाटा. खोडकिड्याची अंडी पानांच्या टोकांवर असतात, ती तिथेच संपतात. या किडीमुळे पुढे पांढऱ्या पोकळ लोंब्या येतात, त्यांना पळींज म्हणतात. एकदा पळींज दिसल्यावर करण्यासारखं काही उरत नाही, जे करायचं ते मुठीतच.

अंतरासाठी डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत शिकून घ्या. दोरी धरून २५ आणि १५ सेंटीमीटर अशा आळीपाळीच्या अंतरावर दोन-तीन काड्यांचे चूड लावायचे, आणि १५ सेंटीमीटरच्या चौकोनात चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी बोटाने खोल खोचायची. आपल्या पावसात वरून फेकलेला युरिया बांधावरून खालच्या शेजाऱ्याकडे वाहून जातो. चिखलात खोल गेलेला मुळाशी राहतो आणि हळूहळू लागू पडतो. भाताचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला ही त्यांची उरलेली दोन सूत्रं. खत विकत न घेता जमेल तेवढं करायचं असेल तर ती दोन तरी सोडू नका.

दुसरी पद्धत तुमच्या जवळच, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली सगुणा भात तंत्र. चिखलणी आणि आवणी दोन्ही नाहीत. कायमचे गादीवाफे करून त्यावर साच्याने भात टोकायचं, कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यांवर वाल. मुळं कुजून मातीत पोकळ्या राहतात, ओल आणि गांडुळं दोन्ही वाढतात. बैल नाहीत, माणसं मिळत नाहीत, वय पन्नाशीकडे झुकलं आहे, अशांना ही पद्धत मनापासून सुचवतो. एक अडचण आहे: तण. या पद्धतीत तणनाशकावर बराच भर असतो आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ते मारावं असं मला वाटत नाही. म्हणून दहा गुंठ्यांवर करा, तिथे हाताने बेणणी झेपते. उरलेल्या तीस गुंठ्यांत आवणी.

किती पिकेल? सांभाळून धरा. पहिल्या वर्षी चाळीस गुंठ्यांत दहा क्विंटलच्या आसपास भात झालं तर समाधान माना. भरडून साडेसहा क्विंटल तांदूळ. दोन माणसांना, पाहुणेरावळे धरून, तीन क्विंटल पुष्कळ झाला. उरलेला ठाण्यातल्या ओळखीच्या घरांत हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा म्हणून सहज जातो.

पावसाळ्यातली भाजी तुम्हाला लावावी लागणार नाही असं म्हटलं तर शहरात कोणाचा विश्वास बसत नाही. जूनच्या तोंडावर शेवळं निघतात, ती काकडाच्या फळांबरोबरच शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. पहिल्या सरीनंतर टाकळा, मग कुरडू, फोडशी, भारंगी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुंपणावर कंटोळी. बेणणी करताना टाकळा-कुरडू उपटून बांधावर फेकू नका, कोवळा आहे तोवर तीच ताटातली भाजी. ओळखायला शिकायचं असेल तर पाड्यावरच्या ठाकूर आणि कातकरी बायकांबरोबर एक दिवस रानात जा, आणि त्यांच्या अर्ध्या दिवसाची मजुरी न विसरता द्या, कारण ते ज्ञान आहे. अळंबी मात्र त्यांनी हातात घेऊन दाखवल्याशिवाय कधीच खाऊ नका.

तब्येतीचं दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. चिखलात दिवसभर पाय भिजतात, कातडी मऊ होते, आणि उंदीर-गुरांच्या मुतातून येणारे लेप्टोचे जंतू तिथूनच शिरतात. पायावर जखम असेल तर खाचरात उतरू नका. आवणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी भाताच्या चिखलात काम करतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यावरून डॉक्टरांची दिशा बदलते. साप सर्वाधिक दिसतात ते पावसाच्या सुरुवातीला आणि कापणीला. भाऱ्यांखाली, पेंढ्यात घोणस असते, रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. गमबूट, हातात काठी, रात्री बॅटरी आणि खाटेवर मच्छरदाणी. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट जिथे सर्पदंशावरची लस आहे त्या रुग्णालयात. ती जवळ कुठे असते हे मे महिन्यातच जाऊन विचारून ठेवा.

भाद्रपदात भात पोटरीला येतं आणि रानडुकरं उतरतात. रात्री माळ्यावर जागणं, डबे वाजवणं, हेच अजून चालतं. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. उत्तरा नक्षत्राचा पाऊस या वेळी हवा असतो. ‘पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण उगाच नाही, दाणा भरताना खाचरात चार बोटं पाणी लागतंच. मग हस्त, चित्रा, आणि पुन्हा विळा.

कागदांचं लवकर बघा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आहे का, इतर हक्कांत कुळाचं नाव किंवा खाजगी वनाचा शेरा आहे का, हे तलाठ्याकडून समजून घ्या. आपल्या जिल्ह्यात असे शेरे पुष्कळ सातबाऱ्यांवर आहेत. कुंपण घालण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, आणि प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी स्वतः नोंदवा. नाहीतर विमा नाही, भरपाई नाही.

माणसांचं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे आवणीला हात मिळतात, पण बांधबंदिस्ती आणि खड्डे यांना मिळत नाहीत. ती कामं तुम्ही दोघांनी रोज सकाळी थोडी थोडी करायची असं धरून चाला. गावात सावड अजून आहे: तुम्ही त्यांच्या आवणीला दोन दिवस गेलात तर ते तुमच्याकडे येतात. न गेलात तर पैसे देऊनही त्या आठवड्यात कोणी येत नाही.

पैशाचं उत्तर सरळ आहे. फ्लॅटचं भाडं हाच तुमचा पगार समजा. जमीन धान्य, कडधान्य, भाजी आणि थोडी फळं देईल, वीजबिल आणि दवाखाना देणार नाही. आंब्याची कलमं पाच-सहा वर्षांनी बोलायला लागतात. पहिली दोन वर्षं खर्च करायचाच असेल तर पाण्यावर आणि कुंपणावर करा. पॉवर टिलर भाड्याने आणा, दीड एकराला स्वतःचा परवडत नाही.

बोअर पहिल्या वर्षी मारू नका. आपल्या पाषाणात ती लागली तर लागली, नाहीतर पैसे धुळीत, आणि लागली तरी शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी ओढू शकते. आधी दोरीला फुटाफुटावर गाठी मारा आणि प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला विहिरीचं पाणी मोजून वहीत लिहा. घराच्या छपराला पन्हळ लावून ते पाणी गाळून विहिरीत सोडा: साडेपाचशे-सहाशे चौरस फुटांच्या कौलांवरून वर्षाला लाखभर लिटर मिळतं. बंधारा झाला, गाळ काढला, की येणाऱ्या एप्रिलमध्ये विहीर दिवसाला किती देते ते बघा. समजा पाचशे लिटर दिले. उन्हाळ्यात एका गुंठ्याच्या भाजीला दिवसाला साधारण पाचशे लिटर लागतात, म्हणून भाजी अर्ध्या गुंठ्याचीच, अडीचशे लिटर. घराला दीडशे. उरले शंभर. एका लहान कलमाला आठवड्यातून दोनदा बारा लिटर धरले तर त्यात तीस झाडं जगतात. तेव्हा नर्सरीवाला शंभर कलमं स्वस्तात देतो म्हणाला तरी येत्या पावसात तीसच घ्या, बुडाशी मडकी पुरा, आणि पुढची तीस ही पहिली तीन वर्षांची झाल्यावर.